हायस्कूलच्या पोरांना गावाच्या कामात आणायचंय? विदर्भातल्या नव्या मास्तरांसाठी आणि ताई-दादांसाठी

हा लेख दोघांसाठी आहे. एक, जे जिल्हा परिषदेच्या नाहीतर संस्थेच्या हायस्कुलात नुकतेच रुजू झालेत आणि 'तुम्ही तरुण आहात, जरा उपक्रमाचं बघा' असं म्हणत मुख्याध्यापकांनी ज्यांच्या गळ्यात हे काम घातलंय. दुसरे, गावातलीच वीस-पंचविशीतली पोरं-पोरी, ज्यांना धाकट्यांना हाताशी धरून काहीतरी करावंसं वाटतं.

अकरावी-बारावीपासून राष्ट्रीय सेवा योजना असते. ती १९६९ पासून चालू आहे, तिला कार्यक्रम अधिकारी असतो, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असा ठरलेला साचा असतो. आठवी ते दहावीला असं तयार काही मिळत नाही. कुठे स्काउट-गाइड असतं, कुठे हरित सेना असते, पुष्कळदा नुसती रजिस्टरमध्ये. म्हणजे साचा आपणच पाडायचा.

माझं म्हणणं एवढंच, की पोरांना महिन्याभरात संपणारं काम द्या, आणि ते झालं की नाही हे त्यांचं त्यांनाच तपासता आलं पाहिजे. 'जनजागृती' हे काम नव्हे. रॅली निघते, घोषणा होतात, फोटो ग्रुपवर पडतो आणि पोरं घरी जातात. आज गावात काय बदललं असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी निम्मी येत नाहीत. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात पाय ठेवला की आधी खराटा चालायचा, कीर्तन रात्री. आपण बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा करून ठेवलाय.

पहिली पायरी : वावराचं कॅलेंडर आधी, शाळेचं नंतर

आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी, बाकी महाराष्ट्राच्या मागून, कारण ऊन तोवर पिच्छा सोडत नाही. त्याच सुमाराला पेरण्या असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात पुढे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागते. वऱ्हाडात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं आणि दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते, ती थंडी सरेपर्यंत चालते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून रविवारी घरातलं एक जास्तीचं माणूस वावरात लागतं, आणि ते माणूस म्हणजे तुमच्या नववी 'ब'मधली पोरगी असते. सोमवारी तिला 'काल का आली नाहीस' म्हणून वर्गात उभं करू नका. मजुरीला जाणारी पोरं कामाला सगळ्यात तरबेज असतात, आणि अशा उपक्रमांतून सगळ्यात आधी गळतात तीही हीच.

सोयीचे हंगाम दोन. शाळा उघडल्यापासून पोळा आणि तान्ह्या पोळ्यापर्यंत, रोवणीचे दिवस वगळून. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर नाताळापर्यंत, पण तेव्हा आठवड्यातून एक तास, त्याहून जास्त नाही. दहावीच्या पोरांना दिवाळीनंतर मोकळं करा. मार्चपासून सकाळची शाळा लागली की दुपारचं काम बंद. एप्रिल-मेमध्ये काही करायचंच तर सकाळी नऊच्या आत आटोपायचं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या उन्हात पोरांची परीक्षा पाहण्यात मोठेपणा नाही.

दुसरी पायरी : गट गावाप्रमाणे पाडा

हायस्कूल एका गावात असतं आणि पोरं चार-पाच गावांची. कोणी सायकलने येतं, कोणी एसटीने, मुली मानव विकासच्या निळ्या बसने. शाळा सुटल्यावर तासभर थांबवलं की बस चुकते. बस चुकली की घरून 'उद्यापासून जाऊ नको' निघायला वेळ लागत नाही, आणि मग सेवाकार्य राहतं बाजूला, पोरीची शाळाच धोक्यात येते. म्हणून हायस्कूलच्या गावात सगळ्यांना जमवायचं नाही. ज्याचं त्याचं गाव, त्याचा त्याचा गट. गटात पाच ते आठ जणं, आठवी-नववी मिसळून.

गट पाडताना गावठाणाबाहेर नजर जाऊ द्या. तांडा, पारधी बेडा, कोलामांचा पोड, नाल्यापलीकडची वस्ती, तिथली पोरं यादीत आहेत का ते पहा. आणि आणखी एक गोष्ट आपोआप होते ती होऊ देऊ नका: झाडू पोरींच्या हातात जातो आणि वही-पेन पोरांच्या. कोण झाडणार, कोण लिहिणार, कोण दारात जाऊन बोलणार हे दर आठवड्याला चिठ्ठी टाकून ठरवा.

प्रत्येक गटामागे गावातलं एक मोठं माणूस हवं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातली एखादी ताई चालेल. पुष्कळ गावांत गुरुदेव सेवा मंडळाचे काका लोक सापडतात. तुकडोजी महाराजांची मोझरी आपल्या इथलीच, आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अजून चालू असलेली गावं कमी नाहीत. तिथला साठीतला माणूस वेळ पाळतो, गावातलं प्रत्येक घर ओळखतो आणि फोटोसाठी पुढे येत नाही. गटात मुली असतील तर सोबत एक बाई हवीच.

तिसरी पायरी : पहिली बैठक, भाषणाविना

पोरांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या. 'तुमच्या गावातली एक अशी गोष्ट लिहा, जी तुम्हाला रोज खुपते.' नाव लिहायचं नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून तीन ढीग करा.

पहिला ढीग, आपल्याच्याने होण्यासारखं: हातपंपाभोवतीचं डबकं, एसटीच्या थांब्यावरची घाण, चौथीतल्या भावाला वाचता न येणं. दुसरा ढीग, ग्रामपंचायतीकडे मागण्यासारखं: बंद पडलेला लाइट, फुटलेली पाइपलाइन, पांदण रस्ता. तिसरा, मोठ्यांनीच निस्तरायचं. यात दारू हमखास येते, आणि ती चिठ्ठी वाचताना वर्ग एकदम गप्प होतो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथल्या पोरांनाही हा प्रश्न नवा नाही. चिठ्ठी फाडू नका, पण तेरा-चौदा वर्षांच्या लेकरांना दारूविक्रेत्याच्या दारात मोर्च्याच्या पुढे उभं करणं हा शुद्ध भेकडपणा आहे. ते काम गावातल्या मोठ्यांचं.

पहिल्या ढिगातून एकच काम निवडायचं. हात वर करून बहुमत घेतलं की हरलेली पोरं दुसऱ्या शनिवारी येत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, कोणाचा विरोध असेल तर पुन्हा बसतात. आठ पोरांना हे जमायला अर्धा तास पुरतो.

चौथी पायरी : परवानग्या

कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ठराव, ग्रामपंचायतीला एक पत्र आणि पालकांची सही. पालकांचं पत्र सोपं ठेवा, असं काहीसं:

'आमचा मुलगा / आमची मुलगी शनिवारी दुपारी चार ते पाच आपल्याच गावात, आशाताईंसोबत, घरोघरी डासांच्या अळ्या तपासण्याच्या कामाला जाईल. जायचं की नाही हे मुलांवर आणि आमच्यावर आहे. याचे गुण नाहीत आणि न गेल्यास शिक्षा नाही.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. सक्ती झाली की ती वेठबिगारी, मग तिला श्रमदान म्हणा नाहीतर आणखी काही. आणि सही आणायला पोराला पाठवण्यापेक्षा एक-दोन घरी स्वतः जाऊन या. चहा होतो, आणि बाप काय काळजी करून राहिला ते कळतं.

पाचवी पायरी : पहिलं काम. मी म्हणेन, कूलर

वर्षाचं पहिलं काम कोणतं घ्यावं असं मला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. विदर्भात कूलर नाही असं घर शोधावं लागतं. पहिला पाऊस पडला की तो बंद होतो आणि टाकीत चार बोटं पाणी घेऊन खिडकीत तसाच बसून राहतो. डेंग्यूचा डास बहुधा साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाला अंडी घालतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी काढलं की साखळी तुटते. काम छोटं आहे, डोळ्याला दिसतं आणि मोजताही येतं.

सामान : एक टॉर्च, एक पांढरी वाटी, नारळाच्या काथ्याची घासणी, वही. तिघांचा एक चमू. घरात शिरायचं नाही, अंगणात उभं राहून हाक द्यायची.

आधी प्लग. कूलरचा करंट लागून आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. प्लग घरच्या मोठ्या माणसानेच काढायचा, आणि तो निघालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोरांनी पत्र्याला बोट लावायचं नाही. घरी मोठं कोणी नसेल तर वहीत 'घर बंद' लिहून पुढे जायचं.

मग टॉर्च. उजेड पडला की अळ्या वळवळत खाली जातात. क्षणभर थांबलं की परत वर येऊन डोकं खाली करून लटकतात. वाटीत थोडं पाणी घेऊन घरच्यांना दाखवायचं. इथेच खरी गंमत आहे. सुरुवातीला आजी दारातूनच ओरडते, "काय पायता रे पोट्टेहो माह्या कूलरात?" पोरगी वाटी पुढे करते. "हे पा आजी, हे वळवळून राहिले ते डासाचे पिल्लं हायेत." आजी वाटीत डोकावते, आणि दुसऱ्या मिनिटाला सुनेला हाक जाते. डेंग्यूची दहा पोस्टरं लावून जे होत नाही ते या वाटीने होतं.

पाणी नालीत ओतायचं नाही, कोरड्या मातीवर ओतायचं, म्हणजे अळ्या मरतात. टाकी आतून घासायची, कारण अंडी पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून समाधान मानलं की पुढच्या पाण्यात तीच अंडी पुन्हा फुटतात. कूलरसोबत फ्रिजमागचा ट्रे, छपरावरचे टायर, कुंड्या आणि ढोरांचं टाकंही बघायचं.

पिण्याच्या पाण्याचं मात्र भान ठेवा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या कितीतरी गावांत, जमिनीतलं पाणी खारट आहे आणि नळाचं गोडं पाणी रोज येत नाही. तिथल्या माणसाला 'टाकं रिकामं करा' म्हणालात तर तो पोरांना हाकलेल, आणि त्याचं चुकणार नाही. तिथे जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टाक्याच्या तोंडाला घट्ट बांधायला सांगायचं.

वहीत चार रकाने : घर, पाण्याची भांडी किती, अळ्या किती भांड्यांत, आज काय केलं. शेवटी हिशेब. समजा ६० घरं पाहिली आणि १८ घरांत अळ्या सापडल्या, तर शेकडा ३०. आरोग्य खातं याला घर निर्देशांक म्हणतं, आणि तो काढायला सातवीचं गणित पुरतं. चार आठवडे तीच घरं, तोच हिशेब. आकडा खाली येताना पोरं पाहतात आणि पाचव्या आठवड्याला तुम्हाला न विचारता टॉर्च घेऊन निघतात. आकडा आशाताईंना द्या. टाकीत औषध टाकायचं असेल तर ते आरोग्य कर्मचारी टाकतील, पोरांच्या हातात द्यायचं नाही.

सहावी पायरी : त्यानंतरची कामं

पहिलं काम पार पडलं की पोरंच सुचवतात. जी टिकतात ती अशी.

वाचनाची जोडी. नववीतलं एक पोर आणि तिसरी-चौथीतलं एक लेकरू, समाजमंदिरात किंवा पारावर, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. गोष्ट आधी मोठ्याने वाचायची, मग दोघांनी मिळून, मग लहान्याने एकट्याने. अडला शब्द लगेच सांगायचा नाही, पाच आकडे मोजायचे. यवतमाळच्या पोडावर नाहीतर गडचिरोलीत जिथे घरात कोलामी किंवा गोंडी बोलतात, तिथे पहिलीतल्या लेकराला मराठी शाळेची भीती वाटते. तीच बोली बोलणारी नववीतली ताई जवळ बसली की जे होतं ते बाहेरून आलेल्या मास्तराला साधत नाही. या पोरीला तिची भाषा ही अडचण नसून कौशल्य आहे हे कदाचित पहिल्यांदाच कळतं.

आजी-आजोबांची अक्षरओळख. केंद्राचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे आणि त्यात शाळेतले मोठे विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात. मुख्याध्यापकांना विचारा, नोंदणी शाळेतूनच होते. सुरुवात 'अ'पासून करू नका. आजीला तिची सही, नातवाचं नाव आणि एसटीची पाटी आधी वाचायची असते.

कागदपत्रांची मदत पोरांना आवडते, कारण मोबाइल त्यांना मोठ्यांपेक्षा बरा येतो. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार, हयातीचा दाखला, कुठे कोणता कागद लागतो याची यादी करून द्यायला हरकत नाही. पण ओटीपी, पिन, पासबुक आणि अंगठा यांना पोरांनी हात लावायचा नाही. उद्या कोणाचे पैसे गेले तर बोट पोराकडेच जाईल.

उन्हाळ्यात थांब्यावर प्याऊ. माठ रोज घासणं आणि पाणी भरणं याची पाळी लावता येत असेल तरच. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, कोणी ग्लास माठात बुडवत नाही.

झाडं : आपल्याकडे एकाच खड्ड्यात दरवर्षी नवीन झाड लावायची जुनी रीत आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार त्याचं नाव ठरल्याशिवाय रोप घेऊ नका. पाच झाडं बास. कडुनिंब, करंज. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

ही कामं देऊ नका

नाली उपसणं, संडास साफ करणं, विहिरीत उतरणं, खांबावर चढणं, पुराचा नाला ओलांडणं. पावसाळ्यात लाकडांच्या ढिगात, दगडाखाली हात घालणं. सापाचं काही झालंच तर मांत्रिक नको, १०८ ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. ताडोबाच्या आसपास आणि जंगलकाठच्या गावांत पहाटे आणि तिन्हीसांजेला पोरांना गावाबाहेर नेऊ नका.

एक गोष्ट हमखास सुटते. गावातला प्लास्टिक कचरा गोळा करायला पोरं निघाली की बांधावरच्या, नाल्यातल्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्याही थैलीत येतात. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते गावं विसरलेली नाहीत. कपाशीच्या पट्ट्यात प्लास्टिक वेचणी गावठाणाच्या आतच ठेवा, आणि अशी बाटली दिसली तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं, हे पहिल्याच दिवशी बजावा.

आणि कोणा पुढारी भाऊंच्या वाढदिवसाला टी-शर्ट घालून, झाडू हाती घेऊन मिरवायला पोरं पाठवू नका. निवडणूक जवळ आली की अशी विचारणा नक्की येते. 'परीक्षा आहे' म्हणा आणि विषय संपवा.

सातवी पायरी : काम ग्रामसभेत मांडा

दुसऱ्या ढिगातल्या चिठ्ठ्या आठवतात ना, ग्रामपंचायतीकडे मागायच्या? त्यातली एक घ्या आणि पोरांकडून अर्ज लिहून घ्या. काय अडचण आहे, कधीपासून, किती घरांना त्रास होतो, काय हवं आहे. पान एक. प्रती दोन. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन यायचं. पोच न घेता दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. पोरांना मतदान नाही, पण १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांना आधी सांगून ठेवलं तर पाच मिनिटं मिळतात. कूलरचा आकडा ३० वरून किती आला हे तिथे आठवीतल्या पोरीने सांगू द्या. तुम्ही मागच्या रांगेत बसा.

प्रमाणपत्रं छापायला मी सांगणार नाही, बंदीही नाही. ग्रामसभेत नाव पुकारलं जाणं आणि शनिवारी काम संपल्यावर आलूपोहा, एवढ्यावर पोरं खूश असतात. पोह्याचा खर्च मात्र मुलींच्या घरून डबा मागवून भागवू नका. फोटो काढलेत तर हातांचे, कामाचे. मुलींचे चेहरे ग्रुपवर नकोत.

ज्यांना याची गोडी लागेल त्यांना पुढची वाट दाखवा. आनंदवनची महारोगी सेवा समिती दर मे महिन्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवते. दहावी-बारावीनंतर जाण्यासारखी आहे.

शेवटची पायरी : वही पुढच्यांच्या हातात

हे उपक्रम बहुधा एका मास्तरच्या बदलीबरोबर किंवा एका चांगल्या दहावीबरोबर संपतात. म्हणून नाताळच्या सुमाराला नववीतले दोघं आणि आठवीतले दोघं बसवा आणि गटाची वही त्यांच्या ताब्यात द्या. वहीत घरांची यादी, दर आठवड्याचे आकडे, अर्जाची पोच चिकटवलेली, आणि एका पानावर साधी माहिती : कोणत्या घरी कुत्रा बांधलेला नसतो, कोणत्या घरी दुपारी जायचं नाही, कोणाकडे प्लग काढायला माणूस सकाळीच भेटतो. टॉर्च, वाट्या, घासण्या मोजून द्या, आणि जे हरवलं असेल ते 'हरवलं' असं लिहूनच द्या. जूनच्या शेवटी शाळा उघडली की पहिल्या शनिवारी त्याच यादीतल्या पहिल्या घरापासून सुरू करता येतं.